कामातील कल्पकता : प्रश्न नव्याने मांडण्याची सवय

१९५९ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या गिरगाव भागातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटण्यास बसल्या. भांडवल अवघे ८० रुपयांचे आणि तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. पुढे मागणी वाढू लागली, आणखी स्त्रिया येऊन मिळाल्या आणि घरखर्चाला हातभार लागू लागला. एवढ्यात पावसाळा आला. पापड वाळविण्यास ऊन मिळेना. परिणामी पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. ज्या घरात पापडाच्या मजुरीवर महिन्याचा वाणसामान भरला जात होता, त्या घराला चार महिन्यांचा खंड परवडणारा नव्हता.

दुसऱ्या वर्षी या भगिनींनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाटेखाली स्टोव्ह पेटवून ठेवायचा. पापड वाळू लागले आणि भर पावसाळ्यातही काम चालू राहिले. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नावाने पुढे देशभर पसरलेल्या आणि हजारो स्त्रियांना रोजगार देणाऱ्या संस्थेच्या इतिहासातील हा प्रसंग तसा लहान आहे. परंतु उद्योगव्यवसायात कल्पकता म्हणजे नेमके काय, याचा धडा त्यात सामावलेला आहे.

कल्पकता ही ईश्वरदत्त देणगी असून ती कवी, चित्रकार किंवा शास्त्रज्ञ यांच्याच वाट्याला येते, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. रोजच्या कामात गुंतलेला कारागीर, दुकानदार, लिपिक किंवा शेतकरी आपल्याला या गुणाशी काही कर्तव्य नाही असे मानून चालतो. ही समजूत दोन प्रकारे नुकसान करते. एक तर माणूस स्वतःच्या कामातील अडचण ही अटळ आहे असे धरून बसतो. दुसरे म्हणजे, सुधारणा ही नेहमी वरून किंवा बाहेरून यावयाची वस्तू आहे, अशी सवय त्याच्या मनाला लागते. वस्तुतः कामातील कल्पकता ही शिकता येण्याजोगी गोष्ट आहे आणि तिचा आरंभ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. तो म्हणजे समोरचा प्रश्न नव्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

गिरगावच्या त्या भगिनींनी ‘ऊन कधी पडेल?’ हाच प्रश्न विचारला असता, तर वाट पाहणे एवढेच त्याचे उत्तर होते. पापड वाळण्यासाठी खरोखर काय लागते, असा विचार केल्याबरोबर ऊन हे एक साधन ठरले आणि ऊब ही गरज ठरली. ऊब तर घरातल्या स्टोव्हमध्येही होती. साधन आणि गरज यांतील हा भेद ओळखणे ही कल्पक विचाराची पहिली पायरी होय.

याच संस्थेच्या कामाच्या रचनेतही हाच विचार दिसतो. स्त्रियांना रोजगार द्यावयाचा, तर कारखाना काढून त्यांना तेथे आणावे, ही रूढ कल्पना. परंतु लहान मुले, वृद्ध सासूसासरे आणि स्वयंपाक यांमुळे अनेकींना दिवसभर घराबाहेर राहणे शक्य नव्हते. तेव्हा केंद्रावर पीठ मळायचे, ते सभासद भगिनींनी घरी नेऊन पापड लाटायचे आणि वाळलेले पापड केंद्रावर आणून तपासून द्यायचे, अशी पद्धत पडली. स्त्री कामाकडे कशी येईल, या प्रश्नाच्या जागी काम स्त्रीकडे कसे जाईल, हा प्रश्न आला. पीठ एकाच ठिकाणी तयार होत असल्यामुळे चवीत व दर्जात सारखेपणा राहिला, आणि लाटणारी प्रत्येक स्त्री संस्थेची नोकर न होता सहमालक झाली.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरणही असेच आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरून निघालेला डबा दुपारपर्यंत अनेक हातांतून आणि लोकलगाडीतून प्रवास करून नेमक्या माणसाकडे पोहोचावयाचा असतो. त्यावर पूर्ण पत्ता लिहिण्याचा उपयोग नव्हता. म्हणून आरंभी रंगीत खुणा आणि पुढे रंग, आकडे व मोजकी अक्षरे यांची सांकेतिक पद्धत आली. डबा कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत व कोणत्या मजल्यावर न्यायचा आणि रिकामा डबा कोणत्या भागात परत आणायचा, एवढेच त्या खुणा सांगतात. पत्त्यातील जो भाग ज्या टप्प्यावर लागतो, तेवढाच तेथे वाचला जातो. निरक्षरता ही येथे उणीव होती. परंतु तिच्यामुळेच अनावश्यक मजकूर गळून पडला आणि घाईगर्दीत एका दृष्टिक्षेपात कळणारी पद्धत हाती आली. मर्यादेला शिव्याशाप देण्याऐवजी तिला विचाराची चौकट मानले, तर ती कशी उपयोगी पडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

चांगली कल्पना आणि माणसाची भीती

तथापि, कल्पना सुचली म्हणजे काम झाले असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या व्यवसायातून सुरुवात करून कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे लोखंडी नांगर तयार करण्यास हात घातला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, तर लोखंडी नांगर माती खोलवर फोडून उलथवितो. हरळीसारखे चिवट तण उपटून काढण्यास ही खोल नांगरट उपयोगी पडते. यंत्र म्हणून नांगर उत्तम होता. तरीही पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असे त्या वेळी शेतकरी मानीत होते.

या समजुतीला अडाणीपणा म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले, तर त्याच्या शंकेला आधार होता. त्याची जमीन हीच त्याची एकमेव पुंजी. नवे अवजार फसले, तर कारखानदाराचा एक नांगर वाया जाईल. शेतकऱ्याचा मात्र संपूर्ण हंगाम बुडेल. नव्या कल्पनेचा धोका ती मांडणाऱ्यापेक्षा ती स्वीकारणाऱ्याला अधिक असतो, ही गोष्ट कल्पक माणसे पुष्कळदा विसरतात. म्हणून शब्दांपेक्षा प्रत्यक्ष शेतात झालेली नांगरट आणि शेजाऱ्याच्या रानात आलेले पीक यांवर शेतकऱ्याचा विश्वास बसतो. लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून निघालेले नांगर महाराष्ट्राच्या शेतीत रुळले.

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातील एक प्रसंग याच संदर्भात आठवण्याजोगा आहे. चित्रपटनिर्मितीसाठी पैसा उभा करावयाचा होता. पण हे हलते चित्र म्हणजे काय, हेच ज्यांना ठाऊक नाही ते भांडवल कसे देणार? १९१२ साली फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप लावले आणि ते वाढत असता दिवसामागून दिवस त्याचे एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग दाखविताच बी रुजून वेल वर चढताना दिसू लागला. एका लहान चित्रफितीने जे पटवून दिले, ते लांबलचक व्याख्यानाने साधले नसते. त्यानंतर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कल्पना मोठी असली, तरी तिचा पहिला प्रयोग कमी खर्चाचा, डोळ्यांना दिसणारा आणि फसला तरी सोसता येण्यासारखा असावा, हा याचा अर्थ.

जेथे कल्पकतेला त्यागाची जोड लागते

काही प्रश्न असे असतात की, त्यांचे नवे उत्तर शोधावयाचे तर कोणाला तरी आपला हक्क थोडा सोडावा लागतो. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर झालेला प्रयोग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. पुण्यातील अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी दुष्काळी कामांवर दगड फोडणाऱ्या शेतकऱ्यांची स्थिती पाहिली. दुष्काळ ओसरला तरी त्याचे कारण जागेवरच राहणार, हे त्यांच्या ध्यानात आले. नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली. उतारावर बांध घालून, पाणी अडवून व मुरवून, विहीर खणून त्या जमिनीत पीक उभे करून दाखविले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि या कामातून ‘पाणी पंचायत’ ही कल्पना आकाराला आली.

आजवर पाणीवाटपाचा विचार करताना कोणाची जमीन किती, हा प्रश्न प्रथम येत असे. ज्याची जमीन जास्त, त्याला पाणी जास्त. पाणी पंचायतीने कोणाच्या घरात माणसे किती, असे विचारले. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी, असा नियम ठरला. भूमिहीनालाही पाण्यात वाटा मिळाला. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसल्यामुळे जमीन विकली तरी त्याबरोबर पाणी विकता येत नव्हते. भरपूर पाणी पिणाऱ्या उसासारख्या पिकाला मनाई करण्यात आली. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा होता.

यातील प्रत्येक नियमामागे कोणाची तरी गैरसोय आहे. ज्याच्याकडे दहा एकर जमीन आहे, त्याने अडीच एकरांच्या पाण्यावर समाधान मानावयाचे. ज्याला उसाचा पैसा दिसतो, त्याने ज्वारी, गहू, भाजीपाला यांवर थांबावयाचे. तरीही अवर्षणप्रवण गावांतील शेतकऱ्यांनी हे नियम स्वीकारून योजना उभ्या केल्या. त्या सगळ्याच टिकल्या असे नाही. त्यांपैकी काही पुढे बंद पडल्या. मात्र पाणी ही सामाईक मालमत्ता असून तिचे वाटप माणसांच्या गरजेवरून करता येते, हा विचार महाराष्ट्राच्या पाणीविषयक चर्चेत कायमचा रुजला. बंधारा, विहीर आणि पंप ही साधने पूर्वीही होती. नवी होती ती वाटपाची कसोटी. तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाचे मूळ पुष्कळदा माणसांच्या परस्परसंबंधांत असते, हे यावरून लक्षात येते.

कार्यालयाच्या मेजावर

व्यवसायाप्रमाणेच प्रशासनातही कल्पकतेला वाव आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेखांची मांडणी आणि कामाच्या पद्धती यांची नव्याने घडी बसविली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून तो प्रयोग ओळखला जातो. कार्यालयीन सुधारणेचा विषय निघाला की आजही त्याचे नाव घेतले जाते.

राज्यातील कार्यालयांत परिचित असलेली सहा गठ्ठा पद्धत या दृष्टीने पाहावी. मेजावर साचलेल्या कागदांचे काय करावे, असा प्रश्न घातला तर ते कपाटात जातात व तेथेच विसावतात. त्याऐवजी या कागदावर आता कोणाची कृती बाकी आहे, असे विचारले की वर्गवारी आपोआप होऊ लागते. आपण कार्यवाही करावयाची ती प्रलंबित प्रकरणे. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावयाची ती प्रतीक्षाधीन. ठरावीक मुदतीने पाठवावयाची ती नियतकालिके. वारंवार लागणारे स्थायी आदेश. अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवी पदे निर्माण करावी लागत नाहीत.

ही बाब केवळ नीटनेटकेपणाची नाही. गठ्ठ्यात हरवलेला एक अर्ज म्हणजे एखाद्या विधवेचे थांबलेले निवृत्तिवेतन, किंवा दाखल्यावाचून प्रवेशाची मुदत हुकलेला एखादा विद्यार्थी असतो. मेजापलीकडे वाट पाहत बसलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवला, तर सुधारणेच्या जागा आपोआप दिसू लागतात. उलट, तो चेहरा नजरेआड झाला की उत्तमातली उत्तम पद्धतही रकाने भरण्यापुरती उरते. दुसरीकडे यशस्वी ठरलेली योजना जशीच्या तशी उचलणे म्हणजे कल्पकता नव्हे. ती योजना कोणत्या अडचणीतून जन्मली, हे समजून घेऊन आपल्या अडचणीला ती बेतून घेणे महत्त्वाचे असते.

विचाराच्या अवस्था

विचारप्रक्रियेचे अभ्यासक ग्रॅहॅम वॉलस यांनी १९२६ साली कल्पक विचाराच्या चार अवस्था सांगितल्या. पहिली पूर्वतयारीची, तीत प्रश्नाचा सर्व बाजूंनी अभ्यास करावयाचा. दुसरी मुरण्याची, तीत प्रश्न काही काळ बाजूला ठेवला तरी मन आतून त्यावर काम करीत राहते. तिसरी स्फुरणाची, आणि चौथी पडताळणीची. सामान्यतः आपले लक्ष तिसऱ्या अवस्थेवर खिळते. कारण ती नाट्यमय असते. परंतु पहिल्या अवस्थेतील कष्टांवाचून ती येत नाही आणि चौथ्या अवस्थेतील कसोटीवाचून तिला किंमत नसते. दही लावण्यापूर्वी दूध तापवावे लागते आणि विरजण घातल्यावर भांडे सारखे हलवून चालत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. विचाराचेही तसेच आहे.

अनेकांनी मिळून विचार करावयाचा तर तो कसा, याचेही काही नियम अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी घालून दिले. कल्पना मांडल्या जात असताना त्यांवर टीका करू नये. जितक्या अधिक कल्पना येतील तितक्या येऊ द्याव्यात. विचित्र वाटणाऱ्या कल्पनेलाही मज्जाव नसावा. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी, असे ते नियम आहेत. सुचविणे आणि निवाडा करणे ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी करावीत, हे त्यांचे सार.

मात्र १९५८ साली येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगाने यात एक महत्त्वाची भर घातली. चौघांनी एकत्र बसून सुचविलेल्या कल्पनांपेक्षा, चौघांनी स्वतंत्रपणे विचार करून नंतर एकत्र केलेल्या कल्पना संख्येने अधिक भरल्या. आपल्याकडील बैठकांचा अनुभव पाहता याचे नवल वाटू नये. ज्येष्ठ व्यक्ती प्रथम बोलली की कनिष्ठांचे विचार पुष्कळदा मनातच राहतात. म्हणून प्रत्येकाने आधी आपले विचार कागदावर लिहावेत, मग ते एकत्र वाचावेत आणि ज्येष्ठांनी शेवटी बोलावे, हा क्रम अधिक फलदायी ठरतो.

आरंभ कोठून करावा?

वरील उदाहरणांवरून कोणत्याही लहान उद्योगाला, बचत गटाला किंवा कार्यालयाला उपयोगी पडतील अशी काही सूत्रे काढता येतात.

१. आठवडाभर आपल्या कामात कोठे खोळंबा होतो, काय वाया जाते आणि कोण तक्रार करते, याची रोज नोंद ठेवावी. कल्पकतेचा कच्चा माल या नोंदीत असतो.

२. त्यांतील एकच अडचण निवडावी आणि ती निदान तीन प्रकारे प्रश्नरूपाने लिहून पाहावी. यात खरी गरज कोणती आणि सवयीने चालत आलेले साधन कोणते, हे वेगळे करावे.

३. जो माणूस ते काम प्रत्यक्ष हाताने करतो, त्याला प्रथम विचारावे. यंत्राची कुरकुर यंत्रावरच्या कामगाराला सर्वांच्या आधी ऐकू येते.

४. उपाय सुचल्यास लहान प्रमाणावर व ठरावीक मुदतीत करून पाहावा. काय झाले म्हणजे तो यशस्वी समजावयाचा, हे आधीच लिहून ठेवावे.

५. नव्या पद्धतीचा त्रास कोणाला होणार आणि धोका कोण पत्करणार, याचा विचार करून त्या व्यक्तीला विश्वासात घ्यावे.

६. प्रयोग फसल्यास दोषी शोधण्याऐवजी कारण शोधावे. चुकीला शिक्षाच होते असे एकदा दिसले की पुढे कोणी सूचना करीत नाही.

यातील शेवटचे सूत्र आचरणात आणण्यास सर्वांत कठीण आहे. सूचनापेटी भिंतीवर टांगणे सोपे असते. तिच्यातून निघालेल्या चिठ्ठीला उत्तर देणे, ती स्वीकारली तर तसे जाहीर करणे आणि नाकारली तर कारण सांगणे, यांसाठी मात्र मनाचा मोठेपणा लागतो. ज्या कार्यशाळेत शिकाऊ कारागीर मुख्य कारागिराला ‘हे असेच का करायचे?’ असे निःसंकोचपणे विचारू शकतो, तेथे सुधारणेचा ओघ आटत नाही.

खाटेखाली ठेवलेल्या त्या स्टोव्हचे मोल या संदर्भात जाणून घ्यावे. त्यात कोणतेही मोठे शास्त्र नव्हते आणि तो सुचविण्यासाठी कोणी तज्ज्ञ आला नव्हता. चार महिन्यांच्या सक्तीच्या सुटीने ज्यांचे नुकसान झाले होते, त्याच स्त्रियांनी पुढचा पावसाळा येण्यापूर्वी एकत्र बसून विचार केला. आपल्या प्रत्येकाच्या कामात असा एखादा पावसाळा ठरलेला असतो. तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी तेवढेच नुकसान करून जातो. पुढच्या खेपेस तो येण्यापूर्वी आपल्याला खरोखर काय हवे आहे, हे एकदा नीट विचारून पाहिले, तर उत्तर घरातल्याच एखाद्या वस्तूत सापडण्याचा संभव आहे.